चप्पल गेली त जाऊ दे

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नातू फैजपूरला आला, तो पाठीवर एक पिशवी आणि हातात एक भलंमोठं खोकं घेऊन. खोक्यात बूट होते. घोट्याच्या वर जाणारे, जाड तळाचे, आतून पाणी अडवणारं अस्तर लावलेले. मित्रांबरोबर तो पालच्या बाजूला सातपुड्यात जाणार होता. सुकी नदीच्या पात्रातून वर चालत जायचं, रात्री मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी उतरायचं. नेणाऱ्या मंडळींनी सामानाची यादी पाठवली होती आणि तिच्यात पहिलंच कलम होतं : 'वॉटरप्रूफ हाय अँकल शूज सक्तीचे.' किंमत विचारली. साडेसहा हजार.

संध्याकाळी ओट्यावर शेजारचे नाना येऊन बसले. केळीत जन्म गेलेला माणूस. त्यांनी एक बूट उचलला, हातात तोलून पाहिला, खाली ठेवला आणि म्हणाले, "आपल्या लोकायले कधी बूट लागले का? आपला आजा अनवानी सातपुडा चढे. पाय कसे पाहिजे, दगडासारखे!"

मी दोघांकडे पाहत राहिलो. एकाच्या मते पायाला पाण्याचा थेंब लागता कामा नये. दुसऱ्याच्या मते पायाला काहीच लागत नाही. दोघंही चुकतात, आणि या चुकीची किंमत कधी टाचेला मोजावी लागते, कधी जिवाला. ते भांडण त्या रात्री ओट्यावर मिटलं नाही, म्हणून इथं कागदावर मांडतो. शाळेत तीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षं पोरांना घेऊन नदीनाल्यांतून हिंडलो, एवढ्याच अधिकारावर बोलतो.

आधी नदीचं सांगतो. सुकी ही नावाची सुकी. उन्हाळ्यात पात्रात गाई बसतात आणि पावसाळ्यात सातपुड्यात पाऊस कोसळला की इकडे खाली ऊन असतानाही गढूळ लोंढा येतो. सुकी काय, मोर काय, आमच्या बाजूच्या या नद्या सातपुड्यातून उतरतात आणि तापीला मिळतात. त्यांच्या पात्रातून एक दिवस चालायचं म्हणजे पाय एका दिवसात पाच मुलखांतून जातो. आधी तापलेली रेती. मग गोल गोटे, पाय ठेवला की फिरणारे. मग काळ्या दगडावरचं शेवाळ. मग गुडघाभर पाण्यातला चिखल, ज्यात पाय रुततो आणि निघताना पायातलं खाली राहतं. आणि काठावर चढलं की बाभळीचा काटा, सराटे, आणि आजकाल सहलवाल्यांनी फोडून टाकलेल्या बाटल्यांच्या काचा. या पाचही ठिकाणी पायात जे टिकतं ते नदीचं पादत्राण. बाकी सगळी दुकानाची शोभा.

आता पहिली चूक, वॉटरप्रूफ बुटाची. ज्या बुटात पाणी बाहेरून आत येत नाही, त्यातून आतलं पाणी बाहेर तरी कसं जाणार? रस्त्यावरच्या डबक्यात, गडावरच्या ओल्या गवतात असा बूट कामाचा आहे, हे मी मान्य करतो. पण नदीत चालणाऱ्या माणसाला पाणी घोट्याच्या वर लागणारच. एकदा ते वरून आत शिरलं की बूट म्हणजे बादली. आमच्या एका शिबिरात बरोबरच्या एका गुरुजींनी केळीच्या बागेत वापरायचे गमबूट घातले होते. पाण्यात असताना त्यांना काही वाटलं नाही, कारण पाण्यात पाण्याचं ओझं लागत नाही. दगडावर चढायला पाय वर काढला तेव्हा बूटभर पाणी पायाला लोंबकळलं, तोल गेला, आणि गुरुजी पोरांच्या देखत पाण्यात बसले. पोरं हसली. गुरुजींचं मनगट मोडलं होतं, हे थोड्या वेळाने कळलं.

व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी लष्कराने जंगलासाठी बूट केले, ते वरून कापडाचे, आणि तळाजवळ आतल्या बाजूला मुद्दाम छिद्रं ठेवलेले. पाणी येणार हे धरून चालायचं आणि ते जायची वाट ठेवायची. ज्यांच्याकडे पैशाला तोटा नव्हता त्यांनी बुटाला भोकं पाडली आणि आपण साडेसहा हजार देऊन ती बुजवून घेतो! दुकानदाराला विचारायचा प्रश्न 'पाणी आत येतं का?' हा नव्हे. 'आलेलं पाणी बाहेर कुठून जातं?' हा आहे.

या बुटाचा आणखी एक तोटा. महागाचा असल्यामुळे माणूस त्याला जपतो. पाणी आलं की बूट काढतो, नाड्या एकमेकींना बांधून गळ्यात अडकवतो आणि अनवाणी पाण्यात उतरतो. म्हणजे सगळ्या वाटेत जिथं पायाला आधार हवा तिथंच तो काढून ठेवला. बूट गळ्यात आणि पाय शेवाळावर!

दुसरी चूक नानांची. ती मला जास्त लागते, कारण ती आपल्या घरातली आहे. आजा अनवाणी सातपुडा चढे, हे खरं. पण आजाला विचारलं होतं का कुणी? त्याच्या टाचांच्या भेगांत एरंडीचं तेल भरताना आजी काय म्हणे, ते नानांनीही ऐकलं असेल. काटा मोडून कुरूप झालं की ते कोरून काढायला लोक न्हाव्याकडे बसत. अनवाणी असणं ही गावात कुणाची हौस नव्हती. पायात घालायला नव्हतं म्हणून लोक अनवाणी होते. आणि काहींच्या पायात होतं तरी घालायची मुभा नव्हती. वरच्या जातीच्या दारावरून जाताना पायातलं काढून हातात घ्यायचं, अशी रीत महाराष्ट्रातल्या किती गावांत होती! जे लोक चामडं कमवत आणि साऱ्या गावाच्या वहाणा शिवत, त्यांच्याच पायांवर ही बंदी. त्या अनवाणीपणाचा अभिमान कसला धरायचा? मार्च 2018 मध्ये शेतकरी नाशिकहून मुंबईला जवळजवळ 180 किलोमीटर चालत गेले, तेव्हा त्यांचे सोललेले तळवे साऱ्या देशाने पाहिले. ते तळवे दगडासारखे नव्हते. माणसाचेच होते.

आमच्या फैजपुरात यावर ठरलेलं उत्तर मिळतं : गांधीजी. 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन इथं भरलं. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, टिळकनगर नंदलाल बोसांनी बांबूंतून सजवलं होतं, ग्रामोद्योगांचं प्रदर्शन होतं. त्या अधिवेशनाच्या गोष्टींवर आम्ही वाढलो. साधं राहा, हा त्यातला धडा. पण साधं म्हणजे अनवाणी, हे कुणी जोडलं? गांधीजी स्वतः चपला शिवायला शिकले होते. दक्षिण आफ्रिकेतून निघताना 1914 साली त्यांनी हातच्या चपलांचा जोड जनरल स्मट्सना भेट दिला, आणि 1939 साली गांधीजींच्या सत्तरीला स्मट्सनी तो परत पाठवला. ज्याने तुरुंगात टाकलं त्याला देण्यासारखी वस्तू म्हणून गांधीजींना चप्पल सुचली! पुढे 1947 साली नोआखालीत ते अनवाणी चालले, हे मला ठाऊक आहे. ती त्यांची तपश्चर्या होती. शाळेच्या पोराला नदीत उतरवताना तपश्चर्येचं नाव घेऊ नये. आमच्या एका शिबिरात एका पोराची टाच बाटलीच्या काचेने कापली गेली. चादरीची झोळी करून आम्ही त्याला सडकेपर्यंत आणलं. टाके पडले, धनुर्वाताची सुई दिली, दोन महिने लंगडत होता. तोही अनवाणीच उतरला होता, कारण मीच त्याला म्हणालो होतो, "एवढंसं तर पाणी!" हे मी विसरलेलो नाही.

तिसरी चूक सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत स्वस्त. ती म्हणजे स्लीपर. हवाई चप्पल.

हे माझ्या स्वतःच्या अंगावरून गेलेलं आहे. मी दहा वर्षांचा असेन. आजोळ तापीच्या काठावर. तेव्हा हतनूरचं धरण झालेलं नव्हतं; पावसाळा सरताना तापीमाय भरून वाहायची. आयुष्यातली पहिली स्लीपर मला त्या वर्षी मिळाली होती, निळ्या पट्ट्याची. झोपताना मी ती उशाशी ठेवायचो. मामेभावांबरोबर काठाकाठाने चाललो होतो. मांडीभर पाण्यात पाय चिखलात रुतला, ओढून काढला तर पाय मोकळा, चप्पल नाही. मग ती वर आली. स्लीपर बुडत नाही, हाच तिचा दगा. बुडाली असती तर मी रडत घरी गेलो असतो. ती माझ्यापुढे हातभर अंतरावर तरंगत होती. मी हात केला, ती हातभर पुढे. एक पाऊल टाकलं, ती पुन्हा हातभर पुढे. असं करत करत पायाखालचा तळ केव्हा संपला ते कळलंच नाही.

पुढच्या दगडावर एक भोई जाळं आवरत होता. त्याने माझे केस धरून मला बाहेर ओढलं, उपडं घातलं, पाठीवर दोन रट्टे दिले आणि पाणी काढलं. मी शुद्धीवर येऊन पहिलं काय म्हणालो असेन? "माझी चप्पल!"

"अरे पोऱ्या," तो ओरडला, "चपलीपायी जीव देतो का? चप्पल गेली त जाऊ दे!"

घरी आणलं तेव्हा माय रडली. बाप ओसरीवर बसला होता. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "दुसरी कुठी हाये?"

बाप वाईट नव्हता. त्याच्या स्वतःच्या पायात त्या वर्षी काही नव्हतं. पण तो प्रश्न नदीत मला आधीच ऐकू येत होता, म्हणून तर मी पुढे पुढे गेलो. उरलेली एक चप्पल पुढे आजोबांनी गोठ्याला दृष्ट लागू नये म्हणून टांगली. ती तिथं कितीतरी वर्षं होती.

आज स्लीपरची किंमत काही फार नाही, पण पोरं अजून तिच्यामागे पाण्यात जातात. मी शिक्षक असताना दोनदा पोरांना मागून कॉलर धरून ओढलं आहे. एकाला विचारलं, का गेला रे? तो म्हणाला, "माय मारेल, सर." पन्नास वर्षांत दुनिया बदलली म्हणतात, पण हे उत्तर बदललेलं नव्हतं.

म्हणून माझा नियम एकच आहे : ज्याला टाचेमागे पट्टा नाही ते नदीत न्यायचं नाही. आणि हा नियम काही माझा शोध नव्हे. आमच्या बाजारात चांभारदादा टायरच्या तळाच्या चपला करायचे. गुराख्यांच्या, सालदारांच्या पायात त्याच असत. मागून पट्टा, खिळ्यांनी ठोकलेला. चिखलातून पाय ओढला की चप्पल पायाबरोबर यायची. दिसायला राकट, नवी असताना चावायची, पण वाहून गेलेली मी एकही पाहिली नाही. इकडे आम्ही ती अडाण्याची म्हणून टाकली आणि शहरी म्हणून स्लीपर घेतली. तिकडे अमेरिकेत 1984 साली, कोलोरॅडो नदीवर ग्रँड कॅन्यनमध्ये नावा नेणाऱ्या मार्क थॅचर नावाच्या वाटाड्याने साध्या चपलेला मागून पट्टा जोडला, आणि त्यातून 'टेवा' नावाचा मोठा धंदा उभा राहिला. आमच्या गुराख्याला जे ठाऊक होतं तेच नदीवर पोट भरणाऱ्या दुसऱ्या माणसाला उमगलं. आता तीच वस्तू पट्ट्यासकट दुकानात हजारोंना मिळते. टायरची चप्पल मात्र बाजारातून गेली. आमचे चांभारदादा सांगत, नव्या टायरांत पोलादी तारा असतात, रापी चालत नाही.

मग घ्यावं काय? ऐपत असेल तर मागे-पुढे पट्टे असलेली, बोटं झाकणारी सँडल घ्या. नसेल तर शाळेचे पीटीचे कॅनव्हासचे बूट घ्या. माझं मत विचाराल तर दुसरेच बरे. पाणी कापडातून निथळतं, बोटं झाकलेली राहतात, नाडी आवळली की चिखल ते ओढून नेऊ शकत नाही, आणि वाळतातही लवकर. कोल्हापुरी नेऊ नका. ती उन्हाळ्याची राणी आहे, पण पाण्यात चामडं फुगतं, शिवण सुटते, आणि ओल्या चामड्याचा तळ शेवाळावर साबणासारखा सरकतो.

तळ कसा पाहायचा? नख रोवून पाहा. कडक प्लॅस्टिकचा तळ ओल्या दगडावर टिकत नाही. मऊ रबर पकडतं. खोल खाचांचा तळ चिखलात उपयोगी. गुळगुळीत ओल्या दगडावर मात्र दगडाला जितकं रबर टेकेल तितकी पकड. घरीच परीक्षा करायची असेल तर धुण्याच्या दगडावर पाणी टाका आणि भिंतीला धरून उभं राहून पाहा. मग जोड बादलीत बुडवा, बाहेर काढा, शंभर पावलं चाला. तरीही पचपच आवाज येत असेल तर तो जोड नदीचा नाही. खरेदी संध्याकाळी करा, दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात. आणि नवा जोड थेट नदीवर नेऊ नका. ओल्या पायावर नवी शिवण घासली की सालटं निघतंच. जपानात डोंगरी ओढ्यांतून वर चढत जाणारे लोक पेंढ्याच्या विणलेल्या चपला बांधत, कारण पेंढा शेवाळावर सरकत नाही. हे वाचल्यावर आम्ही पीटीच्या बुटांवर सुतळी गुंडाळून पाहिली. सुतळी अर्ध्या दिवसात तुटली, पण तेवढ्या वेळात कुणी घसरलं नाही.

अर्थात बूट कसलेही असोत, मांडीभर धावत्या पाण्यात उतरू नये आणि पाणी गढूळ होऊन चढायला लागलं की काठावर बसून राहावं. पायातल्या वस्तूने नदी उथळ होत नाही.

आता मुक्कामाचं. इथं शहरवाले आणि गाववाले दोघंही सारखेच चुकतात. दिवसभराचा ओला जोड तसाच पायात ठेवून स्वयंपाक करतात, गप्पा मारतात, कधी कधी तसेच आडवे होतात. आमच्याकडे पावसाळ्यात केळीत पाणी भरणाऱ्याच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात; कातडी पांढरी पडते, फाटते, आग होते. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या ओल्या बुटांनी हजारो सैनिक लढाईवाचून निकामी झाले. शेवटी हुकूम काढावे लागले की रोज पाय कोरडे करा, तेल चोळा, मोजे बदला. तेव्हा मुक्कामाला पोचल्यावर पहिलं काम चहा नव्हे. जोड काढा, रेती धुऊन टाका, काठ्या रोवून त्यांवर उपडा टांगा. चुलीजवळ मांडू नका, तळाचा डिंक सुटतो. पाय पुसा, बेचक्या कोरड्या करा, तेलाचं बोट फिरवा. आणि दुसरा, कोरडा जोड घाला.

हा दुसरा जोड म्हणजे चैन आहे, असं मला पुष्कळ पालकांनी ऐकवलं. चैन नाही. तो हलका असावा, सैल असावा, झोपेतून उठून हाताशिवाय पायात जावा, आणि पुढून बंद असावा. जुना फाटका कॅनव्हास चालतो, भोकाभोकांचे फोमचे जोडेही चालतात. नदीत ते सैल पडतात, पण मुक्कामाला उत्तम. पुढून बंद कशासाठी? चुलीवरून उतरवताना डाळीचं पातेलं कलंडतं यासाठी. निखारा उडतो यासाठी. आणि रात्री लघवीला उठलेलं पोर अंधारात घोणशीवर पाय देऊ शकतं, यासाठी. हातात बॅटरी आणि पायात बंद जोड असला तर निम्मं भय गेलं. सकाळी मात्र कुठलाही जोड आपटून, झाडून घातल्याशिवाय पाय आत घालायचा नाही. माझ्या बुटातून एकदा तांबडा विंचू पडला. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या विंचवाच्या दंशावर इलाज बसवला, त्याआधी किती पोरं हातची गेली! इलाज सापडला म्हणून बूट झटकायचा कंटाळा करू नये.

नाना यावर म्हणाले, "दोन दोन जोड? गरिबाच्या पोराने कुठून आणायचे?" हा प्रश्न खरा आहे. म्हणून तो पोराला विचारू नका, नेणाऱ्याला विचारा. साडेसहा हजारांच्या बुटांची सक्ती करणाऱ्याला त्याच पैशांत पोत्यात भरून कॅनव्हासचे जोड आणता येतात, वेगवेगळ्या मापांचे. शेवटची काही वर्षं मी असं एक पोतं ठेवलं होतं. जुनेपाने जोड, गावातून मागून आणलेले, धुऊन, नाड्या बदलून. वास यायचा, पोरं नाकं मुरडायची, पण घालायची.

नातवाने माझं अर्धं ऐकलं. मोठे बूट गाडीपासून नदीपर्यंत आणि परतीला घालीन म्हणाला, पाण्यासाठी बाजारातून पीटीचे बूट घेतले, मुक्कामासाठी माझा जुना जोड मागून नेला. परत आला तेव्हा पीटीचे बूट चिंध्या झाले होते आणि पाय धड होते. उलटं झालं नाही, एवढं मला पुरे.

पण माझं खरं मागणं बुटांचं नाहीच. पोरांना नदीवर नेणाऱ्या प्रत्येकाने, गुरुजी असो की शहरातली मंडळी, पहिल्या पावलाआधी सगळ्यांना काठावर उभं करावं, प्रत्येकाच्या टाचेमागचा पट्टा हाताने ओढून पाहावा आणि मोठ्याने सांगावं : पायातलं वाहून गेलं तर जाऊ दे, कुणीही मागे जायचं नाही. आणि तेवढ्यावर थांबू नये. निघण्याआधी पोरांच्या घरी जाऊन हेच मायबापांना सांगावं. कारण नदीत उभ्या असलेल्या पोराला गुरुजींचा आवाज ऐकू येत नाही. त्याला घरचा ऐकू येतो. पोर एका पायाने घरी आलं, तर पहिला प्रश्न दुसऱ्या चपलेचा विचारू नका.